नाटक बघायला कोण येतं?

पुण्यातल्या कॉलेजांत ऑगस्ट हा अभ्यासाचा महिना नसतो. भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाची प्राथमिक फेरी चालू असते, तालमी रात्री उशिरापर्यंत रंगतात आणि सकाळच्या तासाला अर्धा वर्ग डुलक्या काढत असतो. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून घेते. नेपथ्याला, प्रकाशयोजनेला इथे बक्षीस नाही; निकाल लागतो तो लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांवर. चार खोकी आणि एक चादर एवढ्या भांडवलावर एखादं आडगावचं कॉलेजही पुण्याच्या नामांकित कॉलेजसमोर उभं राहू शकतं. मी लातूरहून आलेली, त्यामुळे या अटीतलं शहाणपण मला लगेच कळलं.

मग खटकतं काय? तर प्रेक्षागृह. 'अरे आव्वाज कुणाचा' हा गजर घुमतो, एकांकिका होते, टाळ्या-शिट्ट्या होतात आणि दिवे लागताच निम्म्या खुर्च्या रिकाम्या. आपल्या कॉलेजचं झालं, आता चहा. पुढच्या कॉलेजची पलटण तेवढ्यात आत शिरलेली असते, तीही आपल्यापुरतीच. एका संध्याकाळी इतकं नाटक होतं आणि ते सलग बघणारे म्हणजे परीक्षक, काही जुने रंगकर्मी आणि आमच्यासारखी दोन-चार रिकामटेकडी डोकी. २०२२ साली अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी करंडकच कुणाला दिला नाही. त्या तोडीची एकांकिका नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यावर बराच धुरळा उडाला. मुलांचा हिरमोड करणं बरोबर का, परीक्षक फार कडक होते का, वगैरे. मला वाटतं, प्रश्न एक पायरी खाली होता. दुसऱ्यांचं न बघणाऱ्यांनी केलेलं नाटक किती वर जाणार?

विद्यार्थी रंगभूमीनं महाराष्ट्राला कलावंत किती दिले, याचा हिशेब आपण अभिमानानं मांडतो. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे बी. जे. मेडिकलचे, सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे. यांतल्या कुणाच्याही अभ्यासक्रमात नाटक नव्हतं, हे सांगायलाही आपल्याला आवडतं. पण ही माणसं बघत काय होती, हे आपण क्वचितच विचारतो. याच मंडळींच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ चा. त्यातली ती झुलणारी, गाणारी, मधूनच पाठ फिरवणारी ब्राह्मणांची भिंत ज्यानं पाहिली तो ती विसरत नाही. तिचं मूळ पुण्यातल्या कुठल्या वर्गात नाही, कोकणातल्या 'खेळे' या लोककलेत आहे. कुणीतरी जाऊन बसलं, डोळे उघडे ठेवून बघितलं, म्हणून ती रंगमंचावर आली.

बघायच्या सोयीचं म्हणाल तर सिनेमाच्या बाबतीत पुणं नशीबवान. लॉ कॉलेज रस्त्यावर प्रभातच्या जुन्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट, जवळच १९६४ साली सुरू झालेलं चित्रपट संग्रहालय. ते उभं करणारे पी. के. नायर नुसते रिळं साठवत बसले नाहीत. कर्नाटकातल्या हेग्गोडूसारख्या खेड्यात त्यांनी जगातले सिनेमे पोचवले आणि सुपारीच्या बागांत राबणाऱ्या लोकांनी ते बघून त्यावर आपली मतं मांडली. संग्राहकानं प्रेक्षक घडवायचा असतो, हे त्यांना उमगलेलं होतं.

'संत तुकाराम' मी आधी फोनवर पाहिला होता, पुढे-मागे सरकवत. नंतर तो भरल्या सभागृहात पाहिला, तेव्हा मजा वेगळीच झाली. पोर आजारी पडल्यावर आवली तरातरा देवळात जाते आणि विठोबावर चप्पल उगारते. प्रेक्षकांत केरळची, बंगालची मुलं होती. ती खालच्या ओळी वाचत होती, त्यामुळे आवलीच्या तोंडून वाक्य बाहेर पडायच्या आतच हसायची. आम्ही मराठी मुलं वाक्य ऐकून हसायचो. एकाच विनोदावर दोन लाटा! पण तिनं चप्पल उगारली तेव्हा दोन्हीकडचं हसू एकदमच थांबलं. आवलीचं काम करणाऱ्या गौरीबाईंचा अभिनय काय ताकदीचा आहे, हे मला त्या थांबण्यावरून कळलं. फोनवर ते कळायला वावच नव्हता.

काही गोष्टी बघायला तर प्रवासच करावा लागतो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. या सवलतीवर विनोद करणाऱ्यांनी माझ्या वर्गातल्या मुलींना विचारावं, त्या कुठे कुठे जाऊन आल्या ते. मी नाटक बघायला पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गेले. वडसा हे तिथलं नाटकांचं पेठगाव. नाटक मंडळ्यांची कार्यालयं तिथे ओळीनं आहेत. भाताची कापणी उरकली, शंकरपटाच्या शर्यती आणि मंडईच्या जत्रा सुरू झाल्या की गावोगाव रात्रभर नाटकं होतात. झाडीपट्टीतल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा पुण्यातल्या नाटकवाल्या मित्रांनी मला विचारलं होतं, हे कोण?

मी पाहिलेलं नाटक, खरं सांगायचं तर, बेतास बात होतं. सावत्र आई, दारुडा भाऊ, मधेच एक नाच, आणि ऑर्गनवाला प्रत्येक हुंदक्याला सूर देणारा. पण प्रेक्षक! डिसेंबरचा गारठा, अंगावर घोंगड्या, मांडीवर झोपलेली पोरं, आणि तिकीट काढून आलेली माणसं. माझ्या शेजारच्या आजींनी खलनायकाला तोंडभर शिव्या घातल्या आणि लगेच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मागच्या साली यानंच बापाचं काम केलं होतं, लय रडवलं होतं." गोष्टीत बुडायचं आणि त्याच क्षणी नटाचं कामही जोखायचं. आम्ही चर्चासत्रांत ज्यासाठी जर्मन नाटककारांची नावं घेतो, ते त्या पहाटे चारला शेंगा सोलता सोलता करत होत्या.

नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रम म्हणून सांस्कृतिक उपक्रमांना क्रेडिट मिळू लागली आहेत. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला तीस तास. माझे काही मित्र यावर नाक मुरडतात. तालमीची हजेरी लागली की नाटकातली धुंदी संपली, म्हणतात. मला तसं वाटत नाही. संध्याकाळी कुठेतरी काम करून फी भरणाऱ्या मुलाला 'नाटक कशाला करतोस' या घरच्या प्रश्नाला हे छापील उत्तर मिळतं. धुंदी ज्यांना परवडते त्यांनी दुसऱ्याच्या क्रेडिटवर हसू नये. माझी तक्रार वेगळी आहे. क्रेडिट मिळतात ती करण्याला. आधीच प्रत्येकाला मंचावर चढायचंय, त्यात ही भर.

आणि ज्यांना बघायचंय त्यांच्या पायात बेडी. ज्या वसतिगृहात मी राहिले तिथे मुलींचं फाटक नऊला बंद व्हायचं. साडेनऊच्या प्रयोगाला जायचं तर पालकांचं पत्र, अधीक्षकांची सही, आणि 'नाटकात काम आहे का?' हा प्रश्न. काम असेल तर परवानगी मिळायची. नुसतं बघायला? ते कारण रजिस्टरच्या कुठल्याच रकान्यात बसायचं नाही. सरकार अर्ध्या तिकिटात मला वडशाला जाऊ देतं आणि वसतिगृह टिळक रस्त्यावर नाटकाला जाऊ देत नाही, यातली गंमत वर्गातल्या मुलांच्या लक्षात यायला वेळ लागला. त्यांचं फाटक अकरापर्यंत उघडं.

मी हे एका प्राध्यापकांपुढे मांडलं तेव्हा ते म्हणाले, मग बघण्यालाही क्रेडिट ठेवू, तिकिटाची अर्धुकं जोडायला लावू. नको. अर्धुकं जमवणारी मुलं दुसऱ्या दिवशी दाराबाहेर ती विकत घेतील. त्यापेक्षा प्रयोगाच्या रात्री फाटक उशिरापर्यंत उघडं ठेवा. आणि स्पर्धेला जाणाऱ्या प्रत्येक संघाला कॉलेजनं एवढीच अट घालावी की त्या संध्याकाळच्या सगळ्या एकांकिका बघितल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. सक्तीनं प्रेक्षक घडत नाही, हे मला मान्य आहे. पण शत्रुपक्षाची एकांकिका चांगली झाली तर मनातल्या मनात चरफडत का होईना, खुर्चीत बसून राहावं लागेल. पुढच्या वर्षीच्या संहितेला त्या चरफडण्याचा उपयोग होईल, एवढी खात्री मी देते.