आजचे चिंतन : चहा आणि चित्त



साधकहो, गेल्या एकादशीला मी चहाही वर्ज्य केला. दुपारी डोकं ठणकू लागलं आणि सूनबाईवर उगाच खेकसलो. हातात जपमाळ होतीच!

एका कप चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं. तेवढ्यानंही तरतरी येते, लक्ष लागतं, मन प्रसन्न होतं. पण नवी शक्ती मिळत नाही; थकव्याची जाणीव काही तास झाकली जाते, एवढंच. सवय जडली की चहा चुकताच चिडचिड होते.

चहा पिणं पाप नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी युक्त आहारच सांगितला आहे. फक्त आपली प्रसन्नता कपावर टांगलेली नाही ना, एवढं तपासावं.

सूनबाईची क्षमा मागितली. आता रोज आधी नाम, मग चहा. 🙏