आंबिलीचं मडकं

माणदेशातल्या एका गावात एक म्हातारी राहत होती. तिला सगळे आक्का म्हणत. गाव कमी पावसाचं. चैत्र लागला की खळी उरकलेली असायची, रानं मोकळी पडायची आणि माणसांना वर्षातली हक्काची सवड मिळायची. शाळा सुटलेली पोरं पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर पांगाऱ्याचं वाळकं लाकूड बांधून विहिरीत उड्या टाकायची. गडीमाणसं लिंबाखाली आडवी व्हायची. बाया सोप्यात बसून वाकळा शिवायच्या. बाहेर ऊन रणरणत असायचं, पण गाव कुरकुरत नसे. दुपारी आक्काच्या सोप्यात आंबील मिळायची.

आंबील तशी गरिबाघरची. आक्का रात्री ज्वारीचं पीठ ताकात कालवून ठेवायची. ताक शेजारच्या म्हशीवाल्या घरून यायचं. त्या गावात दूध विकलं जायचं, ताक नाही. सकाळी पीठ फुगून आंबूस वास सुटलेला असायचा. मग चुलीवर आधण ठेवून ती त्यात एका हातानं पीठ सोडायची आणि दुसऱ्या हातानं चाटू फिरवायची. हात थांबला की गुठळी झालीच. रटरट आवाज येऊन चाटूवर लकाकी चढली की मीठ, जिरं आणि ठेचलेला लसूण पडायचा. पातेलं उतरवून ती ते पुरतं निवू द्यायची, मग ताकात सारखं करून मडक्यात ओतायची. मडकं सोप्याच्या दारात, वाऱ्याच्या वाटेवर, ओल्या वाळूवर बसवलेलं असायचं. त्याला भोवतीनं भिजवलेलं फडकं.

दुपारी वाटी तोंडाला लावली की दातांना गारवा लागायचा. सोबत बुक्कीनं फोडलेला कांदा. पोस्टमन यायचा, कासार यायचा, विहिरीवरून ओल्या डोक्याची पोरं यायची. म्हशीवाल्याचा पोरगा तर स्वतःची वाटी घेऊनच यायचा. आक्का कुणाला मोजून देत नसे. आंबील दुसऱ्या दिवशी चढते, म्हणून दिवेलागणीला मडकं रिकामं करून धुवून उपडं घालायचं, हा तिचा रिवाज होता.

त्या वर्षी घरात नवी सून आली. तिच्या माहेरी उन्हाळ्यात टँकर यायचा. घागरीसाठी रांगेत उभं राहून ती मोठी झाली होती. हात धुतलेलं पाणी तुळशीला आणि भांडी विसळलेलं पाणी शेळीला, असं तिचं वळण. पोर गुणी होती. तिला एकच गोष्ट खटकायची. मडक्याखालची वाळू सदा ओली असायची. वर आक्का फडकं भिजवायला दिवसातून दोनदा तांब्याभर पाणी घालायची. एकदा तिनं सकाळी मडक्याला आतून खूण केली. कुणी वाटीभरही घेतली नव्हती, तरी दुपारपर्यंत आंबील दोन बोटं खाली गेली होती.

ती म्हणाली, "आत्याबाई, मडकं गळतंय."

आक्का म्हणाली, "गळंना का. मडकंच हाय ते."

वैशाखात आक्का लेकीच्या बाळंतपणाला गेली. घर सुनेच्या हाती आलं. तिनं कुंभाराकडून नवं मडकं आणलं. दाराला लावून उरलेला निळा तैलरंग माळ्यावर होता, तो मडक्याला बाहेरून लावला. एक हात वाळला, मग दुसरा दिला. मडकं मोराच्या मानेसारखं चमकू लागलं. तिनं आंबील भरून ठेवली. संध्याकाळी बघते तर वाळू कोरडी ठणठणीत. थेंब सांडला नव्हता. तिला फार बरं वाटलं.

एवढी वाचतेय तर आणखी वाचवावी, असं तिच्या मनात आलं. अर्धी आंबील उद्यासाठी ठेवली तर उद्याचं पीठ वाचेल, सरपण वाचेल. म्हशीवाल्याचा पोरगा वाटी घेऊन आला, तेव्हा ती म्हणाली, "आज थोडीच हाय बाळा."

दुसऱ्या दिवशी शेजारून ताक आलं, पण पातळ आलं.

दुपारी नवरा रानातून आला. त्यानं वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. आंबील कोमट होती. काही न बोलता त्यानं कांदा-भाकरी खाल्ली. कालची राखून ठेवलेली तर फसफसून वर आली होती, ती शेळीनंही हुंगून सोडली. सुनेनं मडकं आत आणलं, अंधारात ठेवलं, तोंडावर परात झाकली. आंबील होती तशीच राहिली. बाजाराच्या दिवशी तिनं गोणपाटात बांधून बर्फाचा तुकडा आणला. तो घरी येईपर्यंत मुठीएवढा राहिला, आणि मडक्यात टाकल्यावर आंबील पाणचट झाली. पोस्टमन दोनदा दारावरून पुढं गेला. मडकं मात्र काठोकाठ भरलेलं होतं.

शेवटी ती ते काखेत मारून कुंभाराकडे गेली.

"मामा, माती खोटी निघाली तुमची."

म्हाताऱ्या कुंभारानं मडकं हातात घेतलं, बोटानं टिचकी मारली, रंगावरून अंगठा फिरवला. त्याला हसू आलं, पण त्यानं ते मिशीत ठेवलं. छपराखाली त्याचं पाण्याचं जुनं मडकं होतं. तो म्हणाला, "ह्याच्यावर हात ठिव." सुनेनं हात ठेवला. मडकं ओलं होतं आणि त्याचा गारवा कोपरापर्यंत चढला.

"घाम आलाय त्येला," कुंभार म्हणाला. "मडक्यातलं पाणी अंगातनं भायेर येतं, वारा ते उडवून नेतो. जाताना आतली ऊब घिऊन जातो. म्हणून ऱ्हायलेलं गार."

मग त्यानं मळून ठेवलेली माती दाखवली. तिच्यात राख होती आणि घोड्याची लीद होती. "ही लीद मी उगं घालत न्हाई, पोरी. आव्यात लीद जळून जाती. तिच्या जागी बारीक भोकं ऱ्हातात, डोळ्याला दिसत न्हाईत अशी. त्या भोकांसाठी मी दोन कोस चालत जाऊन लीद आणतो. तू ती एका दुपारात बुजवलीस."

सुनेनं दुसरं मडकं विकत घेतलं. निळं परत घरी आणलं आणि कोपऱ्यात ठेवलं.

चार दिवसांनी आक्का आली. एसटी गावाबाहेर तलावाच्या भरावापाशी थांबायची. सून तिला उतरवून घ्यायला गेली आणि गाठोडं डोक्यावर घेऊन दोघी भरावावरून चालू लागल्या. एका अंगाला तलावाचा तळ भेगाळून पडला होता. चालता चालता सुनेनं मडक्याची सगळी हकिकत सांगितली, ताक पातळ आलं तेही सांगितलं. आक्का पोट धरून हसली. मग भरावावर टेकली.

"ह्या तळ्याला आमी बी लई शिव्या दिल्यात," ती म्हणाली. "भात्तर सालच्या दुस्काळात हितं मातीच्या पाट्या वाहिल्या मी. रेशनची लाल मिलो मिळायची, तिची आंबील करून कामावर आणायची. म्होरल्या साली पाऊस झाला, तळं भरलं. गाव नाचलं. आन माघात बघतोय तर तळ उघडा. लोक म्हनले, सरकारनं गळकं भांडं बांधून दिलं. काहींनी तर तळाला काळी माती ठोकून बसवायचं ठरवलं हुतं."

"मग ठोकली?"

आक्कानं भरावाच्या दुसऱ्या अंगाला हात केला. खाली ओळीनं चार विहिरी होत्या. वैशाख सरत आला होता आणि त्यातल्या एकीत पोरं धबाधबा उड्या टाकत होती. सून ऐकत उभी राहिली. तिच्या माहेरच्या विहिरी होळीलाच तळ दाखवायच्या.

तलावातलं पाणी गेलं होतं, पण गावाबाहेर गेलं नव्हतं. मडक्यातली दोन बोटं आंबील गेली होती, तिनं बाकीची राखली होती. आणि पोराच्या वाटीत जी जायची, ती सकाळी ताक होऊन परत यायची. राखण्याची हीही एक रीत असते आणि ती हिशेबाच्या वहीत खर्चाच्या बाजूला दिसते, म्हणून काटकसरी माणसाची नजर आधी तिच्यावरच जाते.

दुसऱ्या दिवशी सुनेनं म्हशीवाल्याच्या घरी स्वतः तांब्याभर आंबील नेऊन दिली. तिथल्या बाईनं काही विचारलं नाही, जाताना पोरासाठी ठेवलेल्या दोन कैऱ्या हातावर ठेवल्या. दुपारी सोप्यात पुन्हा माणसं बसली. पोस्टमननं तीन वाट्या घेतल्या.

निळं मडकं तेवढं कोपऱ्यात पडून होतं. सुनेला त्याची लाज वाटायची. तिनं ते उकिरड्यावर टाकायला उचललं, तेव्हा आक्कानं अडवलं. आक्कानं ते उन्हात चांगलं वाळवलं, आत चुलीची चाळलेली राख घातली आणि हुलग्याचं बी त्या राखेत कालवून भरलं. तोंडाला फडकं बांधून वर शेणामातीनं लिंपलं.

"बियाला वल चालत न्हाई," ती म्हणाली. "रंग चांगला बसलाय. अजून एक हात दे."