भूकंपाचा दोष कोणाचा?

अलास्काच्या पश्चिमेस पसरलेल्या अल्यूशियन द्वीपमालेतील रॅट बेटांखाली ४ फेब्रुवारी १९६५ रोजी ८.७ तीव्रतेचा भूकंप झाला. तेथे वस्ती जवळजवळ नव्हतीच. कोणी दगावले नाही. लातूर जिल्ह्यातील किल्लारीस ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरत असता, जो धक्का बसला, त्यातून सुटलेली शक्ती याच्या सहस्रांशाहूनही कमी होती. तरी सुमारे दहा हजार माणसे गेली.

यास ईश्वरी कोप म्हणावे, तर निर्जन बेटांवर तो अधिक का? १९३४ च्या बिहार भूकंपात गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाचे शासन पाहिले. रवींद्रनाथांनी त्यास जाहीर हरकत घेतली. आम्हांस रवींद्रनाथांचाच पक्ष ग्राह्य वाटतो. परंतु पाप नाकारले म्हणजे जबाबदारीही सुटली, असे नव्हे. किल्लारीत माणसे मेली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली व माळवदाच्या ओझ्याखाली. हेच माळवद उन्हाळ्यात घर थंड राखते. म्हणून आमच्या कुर्डुवाडीच्या मुलखातही ते लोकांस प्रिय. तेव्हाच्या नकाशांत किल्लारीचा प्रदेश सर्वांत सुरक्षित गणला होता. त्या शेतकऱ्यांस दोष कोण देईल? आज मात्र ते ओझे काय करते हे आपणांस ठाऊक आहे. आणि जुनी माळवदे अद्याप उभी आहेत.