गंगापूरचे पाणी, पैठणची तहान

अशोकस्तंभापासून निघून आनंदवल्ली व सोमेश्वर मागे टाकीत जाणारा गंगापूर रोड ज्या धरणाकडे नेतो, ते १९६५ साली पुरे झालेले मातीचे धरण नाशिक शहराची तहान भागविते. आणि त्याच गोदावरीवर खाली पैठणला अडविलेल्या जायकवाडीच्या नाथसागरावर मराठवाड्याची भिस्त आहे. पाऊस तोकडा पडला की वरच्या धरणांतून खाली पाणी सोडण्याचा हुकूम निघतो, आणि एरवी शेजाऱ्याच्या दुखण्याखुपण्याला मध्यरात्री धावून जाणारी, दारी आलेल्या तहानलेल्याला विन्मुख न पाठविणारी या रस्त्यावरची माणसे ‘आमचे पाणी’ असे म्हणू लागतात. ही माणसे दुष्ट नव्हेत. मग एकाच अंतःकरणात इतके औदार्य आणि इतकी कृपणता कशी नांदते?

डार्विनने १८७१ साली मांडले की, ज्या टोळीतील माणसे परस्परांच्या साहाय्यास तत्पर असतात ती इतर टोळ्यांवर मात करते, आणि अशा रीतीने सहानुभूतीची वृत्ती मनुष्यजातीत वाढत जाते. पुढे १९६४ मध्ये हॅमिल्टनने रक्तसंबंधाच्या प्रमाणात होणाऱ्या त्यागाचे गणित मांडले, तर १९७१ मध्ये ट्रिव्हर्सने परतफेडीच्या संभवातून उपजणाऱ्या परोपकाराची उपपत्ती दिली. (रक्ताच्या नात्यावर सर्वस्वी विसंबणाऱ्याने आनंदवल्लीतच राहिलेल्या राघोबादादांचे स्मरण ठेवावे, पुतण्या नारायणरावाच्या १७७३ मधील वधाचा दोष रामशास्त्र्यांनी त्यांच्याच माथी ठेवला होता.) तात्पर्य, निसर्गाने आपल्याला दया दिली ती मुखपरिचयाच्या हद्दीपुरती; पैठणच्या शेतकऱ्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही, त्याच्याकडून परतफेडीची आशा नाही, म्हणून त्याची तहान आपल्याला बोचत नाही.

यावरून कित्येक सुशिक्षित असा निष्कर्ष काढतात की, नीती ही जीवनकलहाची एक युक्ती असून तिला धर्माचे अधिष्ठान नाही. हा निष्कर्ष मला सर्वथा अमान्य आहे. एखादी वृत्ती कोठून आली याचा दाखला मिळाल्याने ती कोठवर न्यावी याचा निवाडा होत नाही. टिळकांनी १९१५ च्या ‘गीतारहस्या’त बाह्य परिणामांच्या हिशेबापेक्षा कर्त्याच्या बुद्धीला श्रेष्ठ मानले आणि आत्मौपम्य, म्हणजे आपल्यासारखेच दुसऱ्याचे सुखदुःख जाणणे, हा नीतीचा पाया ठरविला. खुद्द डार्विननेही म्हटले होते की, अनोळखी स्वकीय, मग परकी राष्ट्रे आणि शेवटी मुके प्राणी यांच्यापर्यंत ही सहानुभूती विवेकाच्या बळावर विस्तारू शकते. आपल्याकडे तर तो विस्तार पैठणच्याच एकनाथांच्या आख्यायिकेत केव्हाच झालेला आहे: काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली. त्या गाढवाचे नाथांशी ना रक्ताचे नाते होते, ना ते उपकार फेडणार होते.

सर्वांनाच नाथांचे अंतःकरण लाभत नाही, म्हणून कायदा लागतो. खोऱ्यातील तूट सर्वांनी समन्यायाने सोसावी हे तत्त्व महाराष्ट्राने २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात घातले, आणि त्याच आधारे २०२३ साली नाशिक-नगरच्या धरणांतून सुमारे ८.६ टीएमसी पाणी जायकवाडीसाठी सोडण्याचा आदेश निघाला. माझी नाशिककरांना कळकळीची विनंती आहे की, पुन्हा तुटीचे वर्ष येईल तेव्हा त्यांनी मोजमापाबद्दल अवश्य वाद घालावा, वाटेत मुरणाऱ्या पाण्याचा हिशेब मागावा. परंतु पैठणच्या हक्काविरुद्ध एकाही अर्जावर सही करू नये.