लाकडी शिपाई आणि शत्रूचे लेकरू

ज्या युद्धात रक्ताचा थेंबही सांडत नाही, ज्यातील राजे, सेनापती आणि रणांगणे सारीच मनाने रचलेली असतात, त्या युद्धाचा हिशेब परमेश्वरापुढे द्यावा लागेल काय? प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. परंतु मुले अंगणात काठ्यांच्या तलवारी करून एकमेकांवर धावून जातात, किंवा अलीकडे पडद्यासमोर बसून दूरच्या सोबत्यांसह राज्ये उभारतात आणि शेजारच्या राज्यावर चाल करतात, तेव्हा घरातील वडीलधारी माणसे हाच प्रश्न आपापल्या शब्दांत विचारीत असतात. कोणी म्हणते, खेळच तो, त्याचे काय एवढे! कोणी म्हणते, अशाने मन निर्ढावते. आम्हांस ही दोन्ही उत्तरे घाईची वाटतात. खेळातील युद्धाचे मनात पुढे काय होते, हे पाहावयाचे तर वर्षानुवर्षे चाललेला असा एखादा खेळ समोर असावा लागतो, आणि सुदैवाने एका घराने तो लिहून ठेवला आहे.

इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात हॉवर्थ नावाचे डोंगराळ गाव आहे. तेथे अँग्लिकन पंथाचे धर्मोपदेशक पॅट्रिक ब्रॉन्टे आपल्या मुलांसह राहत. जून १८२६ मध्ये त्यांनी लीड्स शहरातून मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. ब्रॅनवेल तेव्हा नऊ वर्षांचाही झाला नव्हता. त्याने ते आपल्या तिन्ही बहिणींना दाखविले. दहा वर्षांच्या शार्लटने सर्वांत देखणा शिपाई झडप घालून उचलला आणि त्याचे नाव ‘ड्यूक ऑफ वेलिंग्टन’ ठेवून टाकले. ब्रॅनवेलने आपल्या शिपायाला बोनापार्ट केले. एमिली आणि धाकटी ॲन यांनीही एकेक घेतला. या बारा जणांनी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरून एक राज्यसंघ वसविला, त्याची राजधानी ग्लास टाउन. त्या राज्यांचे नकाशे निघाले, वृत्तपत्रे निघाली, संसदेतील भाषणे लिहिली गेली. शिपायांच्या हातात शोभतील एवढी चिमुकली पुस्तके मुलांनी शिवली. त्यांतील अक्षर इतके बारीक की भिंग लावल्यावाचून वाचता येत नाही. असे एक पुस्तक २०१९ मध्ये पॅरिसच्या लिलावात सहा लाख युरोंना विकले गेले आणि हॉवर्थच्या त्याच घरात, आता संग्रहालय झालेल्या, परत आले.

त्या जगात युद्धे सतत चालत, आणि माणसे मरत. पण मेलेली माणसे मेलेली राहत नसत. अरेबियन नाइट्समधील गोष्टी वाचून या चार भावंडांनी स्वतःला चार महान जिन्न ठरविले होते. त्यांची इच्छा होईल तेव्हा रणात पडलेला वीर उठून उभा राही आणि पुढच्या लढाईस सज्ज होई.

यास पोरखेळ म्हणून हसण्यापूर्वी त्या घराकडे एकदा पाहावे. आई १८२१ मध्ये वारलेली. मारिया आणि एलिझाबेथ या दोघी थोरल्या बहिणी निवासी शाळेतून क्षयाने ग्रासून घरी आल्या, आणि १८२५ च्या मे व जून महिन्यांत, एकीमागून एक, अकरा व दहा वर्षांच्या असताना गेल्या. लाकडी शिपाई घरात आले ते त्यानंतर बरोबर एका वर्षाने. या दोन गोष्टींचा संबंध आमचा आम्ही जोडीत आहोत. पण ज्या मुलांच्या डोळ्यांदेखत दोन शवपेट्या घराबाहेर गेल्या, त्यांनी खेळात स्वतःकडे सर्वांत प्रथम कोणती सत्ता घेतली असेल? राजाची नव्हे, मेलेल्यांना उठविण्याची. यात क्रौर्य नाही. ही एक प्रार्थनाच आहे, मात्र तिचे उत्तर मुलांनी स्वतःच देऊन टाकले आहे.

अडचण येथेच सुरू होते. जो मेलेला परत उठणारच आहे, त्याला मारण्यात अपराध तो कोणता? आणि अपराधच नसेल तर क्षमा कोणी कोणाची मागावयाची? जिन्नांच्या पुनरुत्थानात जखम पुसली जाते. योहानकृत शुभवर्तमानातील पुनरुत्थित प्रभू बंद दाराआड शिष्यांमध्ये उभा राहतो, तो हातांवरील आणि कुशीतील जखमा घेऊनच. त्या जखमा तो दाखवितो, आणि पापांची क्षमा करण्याचा अधिकार शिष्यांना देतो तो त्याच सायंकाळी. हा क्रम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. येथे मरण मागे घेतलेले नाही. ते घडले, ज्यांनी घडविले ते ठाऊक आहेत, आणि तरीही ‘तुम्हांस शांती असो’ हे शब्द उच्चारले जातात. ग्लास टाउनच्या रणांगणावर हे शब्द उच्चारण्याची वेळच येत नव्हती.

आता त्या वेलिंग्टनविषयी. शार्लटच्या शिपायाला ज्याचे नाव मिळाले तो आर्थर वेलस्ली आपल्याला परका नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आज जालना जिल्ह्यात असलेल्या असई गावापाशी त्याने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. हॉवर्थच्या त्या मुलीचा महावीर तो आमच्या शाळेच्या इतिहासातील शत्रू. बरे, येथेच थांबावे तर तेही जमत नाही. १८२९ मध्ये हाच वेलिंग्टन पंतप्रधान असताना ब्रिटनमधील कॅथलिकांना संसदेत बसण्याचा हक्क देणारा कायदा झाला, आणि त्यापायी एका विरोधी उमरावाशी त्याला पिस्तुलांचे द्वंद्वसुद्धा करावे लागले. त्या कायद्याची बातमी वर्तमानपत्रातून आली तेव्हा घरात किती उत्सुकतेने ती वाचली गेली, हे लहानग्या शार्लटने लिहून ठेवले आहे. पुढे तिनेच ‘व्हिलेट’ कादंबरीत आपल्या ख्रिस्तसभेविषयी पुष्कळ कडवट लिहिले. आणि तीच शार्लट १८४३ मध्ये ब्रसेल्स येथे एकटेपणाने गांजली असता संत गुडुला यांच्या चर्चमध्ये जाऊन पापनिवेदनासाठी एका कॅथलिक धर्मगुरूंसमोर गुडघे टेकून आली होती. लाकडी शिपायाला एकच बाजू असते. जिवंत माणसाला किती बाजू असतात, हे सांगण्यास एवढे पुरे.

परंतु या खेळाची सर्वांत काळी बाजू वेलिंग्टन नव्हे. मुलांनी जेथे राज्य वसविले ती भूमी रिकामी नव्हती. तेथे त्यांनी शत्रू म्हणून अशांती लोक कल्पिले, आणि हे नाव त्यांनी मनाने रचलेले नव्हते. आजच्या घाना देशातील अशांती राज्याशी इंग्रजांचे खरेखुरे युद्ध १८२३ पासून चालू होते. जानेवारी १८२४ मध्ये त्यात इंग्रज गव्हर्नर मारला गेला होता, आणि शिपाई घरात आले त्या वर्षीही ते युद्ध मिटलेले नव्हते. म्हणजे वीर लाकडाचे आणि शत्रू मात्र हाडामांसाचे, दूर कोठेतरी खरोखर मरणारे! आमच्या मते खेळातील युद्ध पापाच्या उंबरठ्याशी येते ते तलवारीमुळे नव्हे, तर अशा उसन्या शत्रूमुळे. एखाद्या जिवंत समाजाचे नाव खेळात कायमचे शत्रूच्या जागी बसले की मुलाच्या मनात ते तेथेच राहते. खेळ संपतो आणि नाव उरते. ‘ते तसलेच’ हे वाक्य मुले कोठून शिकतात, याचा शोध आपण बहुधा चुकीच्या जागी घेतो.

त्या कथांत क्वाशिया नावाचा एक अशांती राजपुत्र आहे. त्याचा बाप इंग्रजांशी झालेल्या युद्धात मारला जातो आणि वेलिंग्टन त्या पोरक्या मुलाला आपल्या घरी वाढवितो. मोठा झाल्यावर क्वाशिया बंड करून उठतो. लिहिणाऱ्या भावंडांच्या दृष्टीने ही सरळ सरळ कृतघ्नता आहे. एवढे खाऊपिऊ घातले, लिहावयास शिकविले, आणि हा उलटला! बाप कोणी मारला, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवत नाही. निदान तेव्हा शिवला नाही.

संत ऑगस्टीन यांनी मानीपंथी फाउस्तुसाला उत्तर देताना युद्धाविषयी एक मार्मिक विचार मांडला आहे. कधी ना कधी मरणारी माणसे युद्धात मरतात, एवढ्यातच युद्धाची सारी वाईट बाजू आहे असे ते मानीत नाहीत. हिंसेची आवड, सूडातील क्रौर्य, न शमणारे वैर आणि सत्तेची लालसा हे त्यांच्या मते युद्धातील खरे दुष्टत्व. ही सर्व दुखणी मनाची आहेत. तलवार लाकडी असल्याने ती आपोआप दूर होत नाहीत, आणि तलवार हाती घेतल्यानेच जडतात असेही नाही. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने खुनाविषयीची आज्ञा रागापर्यंत नेऊन भिडविली, तेव्हा हिशेब कोठे सुरू होतो ते सांगून टाकले आहे. म्हणून ‘खेळच तो’ या उत्तराने आमचे समाधान होत नाही. पण ‘खेळ बंद करा’ या उत्तरानेही होत नाही, आणि त्याचे कारण या घराच्या पुढील कथेत आहे.

१८३४ च्या सुमारास शार्लट आणि ब्रॅनवेल यांनी अँग्रिया नावाचे नवे राज्य उभे केले. झमोर्ना हा त्याचा राजा. त्याचा सासरा नॉर्थँगरलँड हाच त्याचा वैरी. १८३६ मध्ये शार्लट दूर एका शाळेत शिकवीत असताना ब्रॅनवेलने घरी बसून यादवी युद्ध पेटविले, झमोर्नाचा पाडाव केला, आणि बाप व पती यांच्या कचाट्यात सापडलेली राणी मेरी झुरून मरते असे लिहावयास घेतले. शार्लट शाळेत बेचैन. भावाने तिला खरोखरच मारले काय, ती थंड मातीत एकटी पडली असेल काय, असे तिने आपल्या टिपणांत लिहिले आहे. कल्पित राणीसाठी वीस वर्षांची शिक्षिका कासावीस होते, हे हास्यास्पद खचित नव्हे. दहा वर्षांपूर्वी शिपाई मेला तर जिन्न त्याला उठवीत. आता मरण लागू लागले होते. शार्लटने पुढे राणीला जिवंत केले खरे, पण ते जादूने नव्हे. आधीची बातमीच खोटी ठरवून.

धाकट्या दोघींनी तर आपले जग निराळेच केले होते. उत्तर पॅसिफिकमधील गोंडाल नावाच्या कल्पित बेटावर एमिली आणि ॲन यांची राज्ये होती, आणि तेथे राजनिष्ठ व प्रजासत्ताकवादी यांचे युद्ध चाले. सव्विसाव्या वर्षी, १८४५ मध्ये, यॉर्कच्या प्रवासात एमिली आणि ॲन गोंडालमधील पळून निघालेली पात्रे होऊन खेळत होत्या. गोंडालच्या गद्य कथा नष्ट झाल्या. कविता उरल्या.

त्यांतील सप्टेंबर १८४६ मधील एक दीर्घ कविता युद्धाविषयी आहे. निवेदक आहे एक भाडोत्री शिपाई. दुसऱ्यांच्या देशातील यादवीत तो स्वतःहून उतरलेला. जखमी होऊन कैदेत पडलेल्या एका सरदाराची तो मरणवेळी निर्दयपणे विटंबना करतो. तेवढ्यात बातमी येते की शिपायाचा स्वतःचा मुलगा शत्रूच्या हाती सापडला आहे. आता त्याला वाचविणे या मरणाऱ्या कैद्याच्याच हाती. आणि तो कैदी त्या मुलाला वाचवितो. मग प्राण सोडतो. शिपाई पश्चात्तापाने पोळून निघतो, पण येथे कोणी जिन्न येत नाही. मेलेला मेलेलाच राहतो, आणि म्हणूनच त्याने दिलेल्या क्षमेचे वजन त्या शिपायाला जन्मभर वाहावे लागते.

कथा येथेही संपत नाही. मेलेल्या सरदाराची लहान मुलगी शिपायाला सापडते. तो तिला घरी आणतो, नीट सांभाळतो. पुन्हा शत्रूचे पोरके लेकरू जेत्याच्या घरी! तीच परिस्थिती, जी मोठ्या भावंडांनी क्वाशियाच्या वेळी कृतघ्नता म्हणून निकालात काढली होती. ही मुलगीही वाढविणाऱ्याचा द्वेषच करते. परंतु एमिली तिला कृतघ्न म्हणत नाही. शिपायाच्याच तोंडून ती तो द्वेष सांगते, आणि तो द्वेष अन्याय्य आहे असे त्या शिपायाला एकदाही वाटत नाही. तिचे दुःख त्याला पाहवेनासे होते, तेव्हा एका चंद्र नसलेल्या रात्री तो तिला जाऊ देतो.

ती कोठे गेली, हे एमिलीने लिहिले नाही. मे १८४८ मध्ये तिने तीच कविता पुन्हा आरंभापासून लिहावयास घेतली. ती अपुरी राहिली. त्याच वर्षी डिसेंबरात, तीस वर्षांची असताना, एमिली क्षयाने वारली.