लुकमा देणारा आणि घेणारा

वडीलधाऱ्याची चूक त्याच्या तोंडावर सांगणे ही बेअदबी आहे काय? आपल्या घरांतून या प्रश्नाचे उत्तर लहानपणीच मिळालेले असते. मोठे बोलत असताना मधे बोलू नये, उस्तादाला उलट विचारू नये, चार माणसांत बापाला टोकू नये. ही शिकवण वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. अदब नसलेल्या समाजात माणसाला माणूस धरून राहत नाही. पण अदब आणि गप्प बसणे या दोन गोष्टी एकच आहेत काय, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. तो विचार करायला भाग पाडणारी काही उदाहरणे विमानाच्या पुढच्या छोट्याशा खोलीत घडली आहेत. तिथे दोन-तीन माणसे शेजारी शेजारी बसतात, त्यांच्या मागे शेकडो जीव असतात आणि बोलावे की बोलू नये हे ठरवायला कधी कधी पाच सेकंदही मिळत नाहीत.

1 जानेवारी 1978 ची संध्याकाळ. एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे जम्बो विमान मुंबईहून दुबईला निघाले. दुबई हे नाव आपल्या समाजाला परके नाही. कोकणापासून मराठवाड्यापर्यंत कितीतरी घरांच्या चुली त्या वाटेने गेलेल्या माणसांच्या कमाईवर पेटल्या आहेत. विमानात 213 माणसे होती. धावपट्टी सोडल्यावर विमान थोडे उजवीकडे वळले आणि पुन्हा सरळ झाले. मात्र कप्तानासमोरचे, विमान किती कलले आहे हे दाखवणारे यंत्र तिथेच अडकून राहिले. विमान सरळ असूनही ते उजवीकडे कललेले दाखवत होते. कप्तानाने ते खरे मानले आणि विमान डावीकडे वळवले, आणखी डावीकडे वळवले. उड्डाणानंतर अवघ्या 101 सेकंदांत ते वांद्र्याच्या किनाऱ्यापासून जवळच समुद्रात कोसळले. एकही माणूस वाचला नाही.

सहवैमानिकासमोर तसेच दुसरे यंत्र होते आणि मधोमध तिसरे होते. तिघांची तुलना केली असती तर कोणते खोटे बोलते आहे ते कळले असते. आपल्या यंत्राचे काहीतरी बिघडले आहे असे कप्तानाने बोलून दाखवले. त्यावर सहवैमानिकाने आपलेही तसेच झाले आहे अशा अर्थाचे उत्तर दिले. दोघांत त्यापुढे नीट बोलणे झाले नाही. मागे बसलेले फ्लाइट इंजिनिअर, त्या यंत्राकडे बघू नका, असे सांगू पाहत होते; पण तेव्हा समुद्र पाच सेकंदांवर आला होता.

हे वाचून कोणी म्हणेल, खिडकीतून बाहेर बघायचे होते. पण बाहेर काळोख होता आणि खाली समुद्र. आकाश कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते हे दाखवणारा एकही दिवा समोर नव्हता. अशा वेळी माणसाचे शरीरही दगा देते. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारा द्रव असतो. विमान हळूहळू कलले तर त्याला ते कळतच नाही आणि माणसाला आपण अगदी सरळ बसलो आहोत असे वाटत राहते. म्हणजे डोळा निकामी, शरीर खोटे आणि समोरचे यंत्रही खोटे. अशा वेळी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे शेजारी बसलेला दुसरा माणूस.

पण तो दुसरा माणूस बोललाच नाही तर? 22 डिसेंबर 1999 रोजी लंडनजवळच्या स्टॅन्स्टेड विमानतळावरून कोरियन एअरचे मालवाहू विमान अंधार पडल्यावर निघाले. तेही जम्बोच होते आणि याही खेपेला कप्तानासमोरचे तेच यंत्र बिघडलेले होते. आधीच्या प्रवासातच बिघाड लक्षात आला होता, दुरुस्तीही झाली होती, पण मूळ दोष तसाच राहिला होता. कप्तान विमान डावीकडे कलवत गेला. यंत्रे जुळत नाहीत असे सांगणारा भोंगा वाजत होता. मागचा इंजिनिअर विमान कलते आहे असे पुन्हा पुन्हा सांगत होता. सहवैमानिकासमोरचे यंत्र बरोबर होते, तरी तो तरुण माणूस शेवटपर्यंत काहीच बोलला नाही आणि सुकाणूलाही त्याने हात लावला नाही. मिनिटभरात विमान जमिनीवर आदळले आणि आतले चौघेही गेले. विमानतज्ज्ञांनी याची कारणे शोधताना यंत्राबरोबरच वरिष्ठापुढे न बोलण्याच्या सवयीचाही विचार केला. आम्हाला तो तरुण ओळखीचा वाटतो. तो आपल्या प्रत्येक घरात, प्रत्येक कचेरीत, प्रत्येक जमातीत बसलेला आहे.

हे आकाशातले झाले, त्याचा किल्लारीशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे. 1992 च्या ऑगस्टपासून किल्लारीच्या परिसरात जमीन हादरू लागली होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तर धक्के इतके वाढले की लोक घराबाहेर झोपू लागले. मात्र देशाच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचे पठार म्हणजे अढळ जमीन, असे शाळेपासून शिकवले जात होते. पुढे धक्के विरळ झाले, भीतीही विरळ झाली आणि माणसे पुन्हा माळवदाखाली झोपायला गेली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, तीन वाजून छप्पन मिनिटांनी, गणेश विसर्जन आटोपून गाव गाढ झोपेत असताना ती जमीन फाटली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली. बहुतेकांना भूकंपाने मारले नाही. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींनी आणि माळवदावरच्या मातीच्या ओझ्याने मारले. पुढे 2002 च्या नकाशात हा भाग वरच्या धोक्याच्या पट्ट्यात घातला गेला.

भूकंपाची तारीख आधी कोणालाही सांगता आली नसती. आजही येत नाही. लहान धक्क्यांनंतर दर वेळी मोठा धक्का येतो असेही नाही. म्हणून त्या वेळच्या कोणा एकाला दोषी धरावे असे आम्हाला म्हणायचे नाही. पण एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. ‘एम्परर अशोक’मध्ये यंत्र खोटे होते आणि शरीरालाही काही कळत नव्हते. किल्लारीत नकाशा खोटा होता आणि लोकांच्या पायांना खरे कळत होते. म्हणजे ‘यंत्रावर विश्वास ठेवा’ हा नियम पुरा पडत नाही आणि ‘अनुभवावर विश्वास ठेवा’ हाही पुरा पडत नाही. शहाण्याच्या हातातले साधन चुकू शकते, अडाण्याच्या पायाखालचा हादरा खरा असू शकतो; याच्या उलटही होऊ शकते. दोघांना समोरासमोर आणून ताडून बघणे एवढेच माणसाच्या हाती आहे. आणि ताडून बघायचे तर खालच्याला बोलता आले पाहिजे, वरच्याला ऐकता आले पाहिजे.

विमान कंपन्यांना ही गोष्ट बरीच किंमत मोजून कळली. 28 डिसेंबर 1978 रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ एक विमान चाकांच्या बिघाडाचा विचार करत सुमारे तासभर घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपून पडले. दहा माणसे गेली. इंधन कमी होते आहे हे सहकाऱ्यांना दिसत होते, ते सूचकपणे बोललेही. पण ठामपणे कोणी सांगितले नाही आणि कप्तानाचे ध्यान चाकांवरून हलले नाही. त्यानंतर वैमानिकांना एकमेकांशी बोलायला शिकवण्याचे रीतसर वर्ग सुरू झाले. वरिष्ठाला कसे सांगायचे, ऐकले नाही तर दुसऱ्यांदा कोणत्या शब्दांत सांगायचे, तरीही ऐकले नाही तर सुकाणू कधी हातात घ्यायचे, हे सगळे जमिनीवर असतानाच ठरवून ठेवायचे. संकटात माणसाला नवे धैर्य सुचत नाही. आधी सराव केलेलेच तोंडातून बाहेर पडते.

जगाला हे चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी सुचले, पण आपण ते रोज पाच वेळा करतो याकडे आपले लक्ष नाही. जमातीची नमाज चालू आहे. चार रकाती झाल्या आणि इमामसाहेब विसरून पाचवीसाठी उभे राहू लागले. मागचा मुक्तदी काय करतो? तो गप्प बसत नाही. नमाज सोडून वाद घालत नाही. इमामाला बाजूला सारून स्वतः पुढेही जात नाही. तो फक्त ‘सुब्हानल्लाह’ म्हणतो. इमामसाहेब समजतात, खाली बसतात आणि शेवटी सजदा-ए-सहव करून नमाज पुरी करतात. किरातीत आयत अडली तर मागून कोणी पुढचा शब्द पुरवतो. याला आपण लुकमा देणे म्हणतो. लुकमा म्हणजे घास. चूक दाखवण्याला घास भरवण्याचे नाव ज्यांनी दिले त्यांच्या मनाचा मोठेपणा आम्हाला फार वाटतो.

या रीतीत किती शहाणपण आहे ते पाहा. शब्द आधीच ठरलेला आहे. त्यात अल्लाहची स्तुती आहे, इमामाची निंदा नाही. लुकमा देणारा शेवटच्या सफेतला पोरगा असला तरी चालतो, पण तो त्याच नमाजेत असला पाहिजे. बाहेरच्याचा लुकमा इमामाने घेतला तर हनफी फिकहप्रमाणे नमाजच मोडते. म्हणजे टोकण्याचा अधिकार बरोबर असणाऱ्याला आहे, तमाशा बघणाऱ्याला नाही. स्त्रियांनी अशा वेळी हातावर हात वाजवावा असे हदीसमध्ये आले आहे. म्हणजे चूक लक्षात आणून देण्याची जबाबदारी त्यांच्यावरूनही काढून घेतलेली नाही. आणि सजदा-ए-सहव ही शिक्षा नाही, दुरुस्ती आहे. विसरलेल्या इमामाला कोणी मशिदीतून हाकलत नाही. म्हणूनच लुकमा देणाऱ्याचीही जीभ अडखळत नाही.

सीरतच्या ग्रंथांत बद्रच्या लढाईचा प्रसंग येतो. पैगंबरसाहेबांनी एका जागी तळ टाकला तेव्हा हुबाब इब्ने मुन्झिर यांनी आधी विचारले, ही जागा अल्लाहच्या हुकुमाने ठरली आहे की हा लढाईचा बेत आहे? बेत आहे असे कळल्यावर त्यांनी सांगितले की मग ही जागा योग्य नाही, पुढे पाण्याच्या विहिरीपाशी जावे. पैगंबरसाहेबांनी ते मान्य केले आणि तळ हलवला. ज्यांच्या शब्दावर सहाबा जीव देत होते, त्यांनी एका साथीदाराचा मशवरा ऐकला. आता आपल्यातल्या कोणत्या मुतवल्लीने, कोणत्या सासऱ्याने, कोणत्या संस्थाचालकाने आपण टोकण्यापलीकडे आहोत असे समजावे?

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. ज्याला त्याला बोलू दिले तर कारभार कोण चालवणार? विमान मतदानाने उडत नाही. पण 19 जुलै 1989 रोजी अमेरिकेत एका विमानाचे शेपटीतले इंजिन फुटले आणि सुकाणूला ताकद देणारी सगळी व्यवस्था निकामी झाली. असे होईल हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. कप्तान अल हेन्स यांनी सहकाऱ्यांना विचारले. प्रवासी म्हणून बसलेला एक प्रशिक्षक वैमानिक मदतीला आला, त्याच्या हाती त्यांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर सोपवला. विमान उतरताना मोडले, पण 296 पैकी 184 माणसे वाचली. हेन्स यांनी कप्तानपद सोडले नव्हते. निर्णय त्यांचाच होता, फक्त तो चौघांच्या डोळ्यांनी घेतलेला होता. मशवऱ्याने अधिकार कमी होत नाही, त्याची नजर वाढते.

म्हणून या प्रश्नाचे ओझे आम्ही बोलणाऱ्यावर कमी आणि ऐकणाऱ्यावर जास्त टाकतो. ‘तू का बोलला नाहीस’ हे मेलेल्या सहवैमानिकाला विचारणे सोपे आहे. त्याने आधी कधी तोंड उघडले तेव्हा त्याचे काय झाले होते, हे विचारायला हवे. किल्लारीच्या भागात आज जुन्या पुनर्वसनाच्या घरांना नव्या खोल्या जोडायच्या झाल्या, तर दाराच्या वरून चारी भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा हवा हे मिस्त्रीला ठाऊक असते. खर्च वाचवायला मालक तो गाळा म्हणाला, तर मिस्त्री काय करील? मालक एकदा खेकसला असेल तर तो मुकाट्याने भिंत उचलील. मशिदीच्या हिशेबात खोट दिसलेला तरुण, चुकीचे औषध दिले जाते आहे हे ओळखणारी नर्स, मुलीचे लग्न फार लवकर ठरते आहे हे जाणणारी आई, या सगळ्यांच्या जिभेवर एक लुकमा अडकलेला असतो.

जीव ही अमानत आहे. ज्याच्या हाती ती दिली आहे त्याने आपल्या बरोबरच्यांना शांत वेळी, काही बिघडलेले नसताना सांगून ठेवावे: मी चुकलो तर सांगा, सांगितल्याबद्दल मी कधी रागावणार नाही. आणि रागावू नये. मागच्या सफेतून ‘सुब्हानल्लाह’ ऐकू आल्यावर इमाम मागे वळून कोण बोलले ते बघत नाही. तो आपली नमाज दुरुस्त करतो.