जुन्या नादयंत्रांची ओढ

इंग्लंडमधील हंटिंग्डन येथे पीटर वॉकर यांनी १९५७ साली क्वाड नावाचा एक ध्वनिक्षेपक विक्रीस आणला. त्यात नेहमीचा कागदी शंकू नव्हता. दोन सच्छिद्र फलकांच्या मध्ये केसाहूनही पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा ताणून बसविलेला असे. उच्च विद्युतदाबाने भारलेला तो पडदा कंप पावून नाद निर्माण करी. मानवी कंठ त्यातून इतका निर्मळ उमटतो की, उत्पादन थांबून दशके लोटली तरी रसिक हे जुने जोड शोधून आणतात, खराब पडदे बदलून घेतात आणि गेलेला काळ परत आल्याचे समाधान मानतात.

या ओढीची थट्टा करणे सोपे आहे. आम्हांला ती करवत नाही. तबकडीच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटांचे संगीत मावे. धूळ पुसावी, सुई अलगद टेकवावी, बाजू संपली की उठावे, असा तो परिपाठ होता. ऐकण्यासाठी माणूस बसत असे. आज संगीत दिवसभर खिशातून झिरपत असते आणि कोणी बसत नाही. तेव्हा हळहळ यंत्रासाठी आहे की हरवलेल्या एकाग्रतेसाठी, हे ज्याचे त्याने आपल्या मनाला विचारावे.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या भागात कानाच्या सुखाची कसून झडती घेतली आहे. स्तोत्राच्या अर्थापेक्षा त्याचा सूरच मनाला अधिक हलवून जातो की काय, ही त्यांची धास्ती. तरीही देवळातील गायनाला त्यांनी अखेर संमतीच दिली. यंत्रप्रेमी मात्र आणखी एक पायरी खाली उतरण्याचा संभव असतो: अर्थ सुटतो, सूरही सुटतो, आणि नवी तार जोडल्याने काय फरक पडला एवढेच तो ऐकत राहतो.

त्या क्वाडमध्ये एक मोठी उणीव होती. वरचे स्वर त्यातून अरुंद झोतासारखे सरळ पुढे जात, म्हणून पूर्ण माधुर्य खोलीतील एकाच खुर्चीला लाभे. शेजारी बसलेल्या पत्नीच्या वाट्याला उरलेसुरले येई. आमचे मन अडते ते इथे. ३ सप्टेंबर १९५८ रोजी रोमहून निघालेल्या पवित्र संगीतविषयक सूचनापत्राने उपासनाविधीत ग्रामोफोन, रेडिओ व ध्वनिफीत यांना मनाई केली. निर्दोष तबकडीपेक्षा कॉयरमधला बेसूर गडी बरा, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो. तो निदान आपल्याबरोबर श्वास तरी घेतो. (सणासुदीला कर्ण्यावर भक्तिगीते वाजविणाऱ्यांनी हे मनावर घेतले तर शेजारी दुवा देतील.)

वॉकर स्वतः गतकाळात रमणारे नव्हते. त्यांनी बरीच वर्षे खपून १९८१ साली नवा ध्वनिक्षेपक आणला. त्यात समकेंद्री वलयांतून नाद क्रमाक्रमाने बाहेर पडून चहूकडे पसरे आणि बाजूला बसलेल्यांनाही ऐकू येई. जुन्याचे भक्त तरीही आपल्या एका खुर्चीकडेच परतले.